काकांच्या वाटेने हरिश्चंद्रगड : खिरेश्वर ते पाचनई

भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. काका तिथे मशीन शॉपचे सुपरवायझर होते, त्यामुळे त्यांचे सगळे ट्रेक गुरुवारी. रिटायर झाल्यावरही त्यांनी वार बदलला नाही. शनिवार-रविवारी गडाच्या कोकणकड्यावरची जत्रा ज्यांनी पाहिली आहे त्यांना कारण सांगायला नको. काका गेले, आणि त्यांनी डोंगराची गोडी लावलेली आम्ही मंडळी यंदाच्या थंडीत एका गुरुवारी त्यांच्याच वाटेने गडावर गेलो.

पिंपरी-चिंचवडच्या नाशिक फाट्यावरून आळेफाट्याची एसटी घ्या. तिथून ओतूरमार्गे कल्याणकडे जाणाऱ्या गाडीने माळशेज घाटाच्या अलीकडे खुबी फाट्याला उतरा. पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वर पाच-सहा किलोमीटर आहे. गावाजवळच्या नागेश्वर मंदिरातलं छताचं कोरीवकाम चुकवू नका.

निघण्याआधी काका प्रत्येकाचा बूट उलटा करून सोल वाकवून बघायचे. सोल सुटायला लागलेला दिसला तर त्या माणसाला गावातच थांबवायचे, मग तो कितीही रुसो. कारखान्यात गार्ड, म्हणजे सुरक्षेचं झाकण, नसलेलं मशीन त्यांनी कधी चालू करू दिलं नाही, तीच शिस्त इथे. तोलार खिंडीत, वाघाच्या शिल्पापाशी, हजेरी व्हायची. सगळ्यांत दमणारा पुढे, काका शेवटी. या क्रमाने चालल्यास कुणी मागे राहत नाही. मोठा ग्रुप असेल तर नक्की असंच करा.

खिंडीनंतरच्या कातळात रेलिंग आहे, पण सगळा भार त्यावर टाकू नका. काका आधी ते हलवून बघायचे आणि हात खडकावरच ठेवायचे. कातळ संपला की टेकड्यांची चढउतार आणि झाडी. पावसाळ्यात धुक्यात इथेच लोक चुकतात. मळलेली वाट सोडून शॉर्टकट शोधू नका, दिसेनासं झालं तर बसून राहा. खिरेश्वर ते मंदिर चार-पाच तास धरा आणि सकाळी सातपर्यंत निघा. प्रत्येकी तीन लिटर पाणी हवंच.

हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिरापाशी काका तासन्‌तास रमायचे. शके १२३४ मध्ये चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ इथेच लिहिला, हे ते नव्या पोरांना सांगायचे. पण त्यांचं खरं प्रेम दगडाच्या सांध्यांवर. आयुष्यभर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हाताळलेला माणूस, सांध्यावरून बोट फिरवत राहायचा. आम्हीही या वेळी फिरवलं. केदारेश्वराच्या गुहेत चारांपैकी एकच खांब शाबूत आहे. पाणी बर्फासारखं गार असतं, उतरायचं तर जपून.

कोकणकडा आतल्या बाजूला वळलेला आहे, त्यामुळे काठावर उभं राहून पायाखाली काय आहे ते कळत नाही. पोटावर झोपूनच बघा. वारा असेल तर तेही नको. सेल्फीसाठी काठावर जाणाऱ्याला काका सरळ दंडाला धरून मागे ओढायचे, ओळखीचा असो वा नसो.

हा अभयारण्याचा भाग आहे. मुक्काम करायचा असेल तर सध्याचे नियम वन विभागाकडे आधी विचारा. गडावरच्या झोपडीत पिठलं-भाकरी मिळते. तिथे पैशांची घासाघीस करू नका, पीठसुद्धा डोक्यावरून वर येतं. उतरायला पाचनईची वाट सोपी, दोन-अडीच तासांची. मात्र संध्याकाळी तिथून एसटीच्या भरवशावर राहू नका. राजूरपर्यंतची जीप आदल्या दिवशीच सांगून ठेवा.