जिथे रक्त यायचं, तिथेच ब्रश लावणं मी सोडलं होतं

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आले तेव्हा मी 22 वर्षांची होते. सकाळी अभ्यासिकेत जागा धरायची घाई, त्यामुळे अर्ध्या मिनिटात दात घासून मोकळी. रात्री चहा-बिस्किटं खाऊन तशीच झोपायचे. काही महिन्यांनी चूळ भरताना पाणी लालसर दिसू लागलं. ब्रश कडक असेल म्हणून मऊ आणला, तरी रक्त यायचंच. शेवटी खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश न्यायचाच नाही, असं ठरवून टाकलं. दुखत काहीच नव्हतं. दुखलं असतं तर आधीच दवाखाना गाठला असता.

तोंडाला वास येतो, हे मैत्रिणीने धीर करून सांगितलं तेव्हा सरकारी दंत महाविद्यालयात गेले. केस पेपर काढला, हिरड्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या इंटर्न ताईंनी दातांना गुलाबी रंग लावला, चूळ भरायला लावली आणि हातात आरसा दिला. दात समोरून स्वच्छ, पण हिरडीच्या कडेने आणि फटींमध्ये गडद गुलाबी रेघ तशीच. "एवढं रोज राहून जातंय," त्या म्हणाल्या.

मग खुणा असलेली बारीक सळई हिरडीच्या आत घालून मोजमाप सुरू झालं. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी. त्या आकडे सांगत होत्या, दुसरी मुलगी लिहून घेत होती: दोन, तीन, दोन, चार. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक. माझे चार-पाच ठिकाणी 4 आले. एक्स-रेत हाड शाबूत होतं. हिरडी सुजून वर आल्याने खोली वाढली होती. हाड झिजलं की ते परत येत नाही म्हणे. सूज मात्र पूर्ण उतरते.

रक्त ब्रशमुळे येत नव्हतं, ब्रश पोचत नव्हता म्हणून येत होतं. दातावरचा थर मऊ असेपर्यंत ब्रशने निघतो. लाळेतले क्षार बसले की त्याचं कीटण होतं, ते घरी निघत नाही. लाळेच्या काही ग्रंथी खालच्या पुढच्या दातांमागे उघडतात, म्हणून कीटण तिथे लवकर धरतं. आणि नेमकी तीच जागा मी सोडली होती! डेन्मार्कमध्ये आरहूस इथे निरोगी लोकांना दात घासणं थांबवायला सांगून केलेला एक प्रयोग 1965 मध्ये प्रसिद्ध झाला. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासायला लागल्यावर आठवडाभरात बऱ्याही झाल्या. हे ऐकून मला फार धीर आला.

मग स्केलिंग, म्हणजे दवाखान्यात कीटण खरवडून काढणं. त्याने दात हलतात, हे घरी लहानपणापासून ऐकलेलं. तसं काही झालं नाही. कीटण निघाल्यावर जिभेला फटी मात्र लागायला लागल्या, आणि आठवडाभर गार पाणी झोंबलं.

आता ब्रश हिरडीकडे तिरका धरते, दोन मिनिटं, दोन वेळा. फटींसाठी छोटा ब्रश वेगळा. पहिले काही दिवस रक्त आलं, तरी थांबले नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं. एक जागा सोडून सगळीकडे 3 किंवा कमी.

दिवाळीत गावी गेले तर आजी मिश्री लावत बसलेली. "माझ्या हिरडीतून कधी रक्त आलं नाही बघ," ती म्हणाली. तंबाखूने हिरडीतला रक्तपुरवठा आकसतो, आजार आत वाढतो आणि रक्त दिसत नाही, हे मला ताईंनी सांगितलं होतं. सोमवारी आजीचा केस पेपर काढायचाय.