जामठ्याच्या स्टेडियमवर विमान किती खाली यावं?

नागपुरात वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची विमान कसरत पाहून गावी परतलेल्या माणसाचं पानठेल्यावर एकच गाऱ्हाणं असतं: "काऊन इतक्या वरून गेले? थोडे खाली आले असते तं मजा आली असती." हाच मोह पुढच्या विमानात बसलेल्या लीडरलाही होतो, आणि त्यापायी काही जणांची नोकरीभरची कमाई गेली आहे.

अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल सामन्याआधी राष्ट्रगीत संपता संपता स्टेडियमवरून लढाऊ विमानं नेण्याची पद्धत आहे. २० नोव्हेंबर २०१० ला आयोवातल्या किनिक स्टेडियमवरून चार टी-३८ प्रशिक्षण विमानं गेली. ठरलेली उंची होती १,००० फूट. चौकशीत निघालं की ती प्रेस बॉक्सच्या माथ्यावरून १६ फुटांवरून, सुमारे ४०० नॉटच्या वेगानं गेली. लीडरची उड्डाणाची कारकीर्द तिथंच संपली. त्याच्या आदल्या वर्षी जॉर्जिया टेकच्या मैदानावरून नौदलाची एफ-१८ विमानं अशीच खाली आली होती. त्यात दोन वैमानिकांचं उडणं कायमचं बंद झालं.

४०० नॉट म्हणजे सेकंदाला २०६ मीटर. या वेगात विमानाचं नाक नुसतं एक अंश खाली झुकलं तरी ते सेकंदाला १२ फूट उतरतं. म्हणजे १६ फूट संपायला दीड सेकंदही लागत नाही, आणि एवढ्या वेळात माणसाचा हात दांडीवर जेमतेम हलतो.

आता नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमचा हिशोब करू. उंची मोजायची कुठून, इथंच पहिली गफलत होते. दाट वस्तीवरून किंवा गर्दीवरून उडण्याचा आंतरराष्ट्रीय नागरी नियम सांगतो, की विमानाच्या भोवती ६०० मीटरच्या आत जे सगळ्यात उंच असेल त्याच्या टोकापासून १,००० फूट. जमिनीपासून नव्हे. समजा स्टेडियमच्या दिव्यांचे खांब २०० फुटांचे धरले. नागपूरची जमीनच समुद्रसपाटीपासून हजारेक फूट वर आहे, सोनेगाव विमानतळ १,०३३ फुटांवर. तेव्हा समुद्रसपाटीचा दाब लावलेल्या उंचीमापकावर काटा २,२०० च्या वर दिसला पाहिजे. डोक्यात नुसतं "हजार" घेऊन बसलेला माणूस आणि काट्यावरचा हजार यांची इथं गाठ पडली, तर विमान वावरात.

उंचीमापक हा मुळात हवेचा दाब मोजणारा डबा. दाबाचं माप हेक्टोपास्कल, आणि एका हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत सुमारे २८ फूट. आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी दहाला दाब जास्त असतो, दुपारी चारपर्यंत तो तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो. सकाळच्या ब्रीफिंगमधला आकडा संध्याकाळच्या सामन्याला तसाच ठेवला, तर काटा खरी उंची आहे त्यापेक्षा शंभरेक फूट जास्त दाखवतो. विमान खाली आणि वैमानिक निर्धास्त. म्हणून धावपट्टीवरून निघताना आणि थांब्यावर घिरट्या घालताना, दोन्ही वेळा टॉवरकडून ताजा दाब घ्यायचा असतो. (मे महिन्यातली गरम हवा मात्र उलट मदत करते. ती पसरलेली असल्यानं काटा दाखवतो त्याहून विमान थोडं वरच असतं.) दुसरं यंत्र रेडिओ उंचीमापक. ते थेट खालच्या वस्तूपासूनचं अंतर सांगतं, पण विमान स्टँडच्या कडेवर आलं की आकडा एकदम कोसळतो आणि मैदानावर गेलं की पुन्हा उसळतो. त्याच्याकडे बघून उंची धरत नाहीत. "याच्या खाली गेलो तर ओरड" एवढंच काम त्याला लावतात.

दुसरी गफलत वेळेची, आणि माझ्या मते खरी पोटदुखी हीच आहे.

विमानं आठ-दहा सागरी मैलांवर लांबट घिरट्या घालत थांबतात. स्टेडियममध्ये रेडिओ घेऊन एक अधिकारी उभा असतो, तो गाण्याची सुरुवात कळवतो. आपलं राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं. ३०० नॉटनं ५२ सेकंदांत विमान आठ किलोमीटर कापतं. म्हणजे पहिल्या "जन"ला विमान जामठ्यापासून साधारण सोनेगाव विमानतळाइतकं लांब हवं, तर शेवटच्या "जय हे"ला डोक्यावर येईल. आपलं गीत तरी ठरावीक चालीचं. अमेरिकेत गायक आपल्या मर्जीनं सूर ओढतो, त्यामुळं लीडरचा हिशोब दर आठवड्याला बदलतो. पाच सेकंद उशीर म्हणजे पाऊण किलोमीटर मागे. तो भरून काढायला ३०० चे ३३० नॉट करावे लागतात, तेही सगळा आठ किलोमीटरचा टप्पा. शेवटच्या दोन किलोमीटरवर उशीर लक्षात आला, तर नाक खाली करून वेग घेणं सोपं वाटतं, उतारावर सायकल सोडावी तसं. उंची तिथंच जाते. शिस्तीचा लीडर अशा वेळी उशीर पत्करतो किंवा रेडिओवर "येत नाही" सांगून वरूनच वळतो. चुकलेला मुहूर्त कोणी लक्षात ठेवत नाही, राजेहो.

मग शिक्षा लीडरलाच का? मागचे तिघं खाली बघतच नाहीत. त्यांची नजर लीडरच्या पंखावरच्या ठरलेल्या खुणेवर खिळलेली असते आणि अंतर काही फुटांचं. शिवाय बाजूची विमानं बहुतेक वेळा लीडरपेक्षा किंचित खालच्या पातळीवर असतात. लीडर १६ फुटांवर असेल तर शेवटच्याचं काय होत असेल, हे त्यालाही ठाऊक नसतं. चौघांची उंची एकटा ठरवतो, म्हणून जाबही त्याचाच. उड्डाणाच्या परवानगीवर सही करणारा वरिष्ठही सुटत नाही. आपल्याकडे वायुसेना कायदा, १९५० मध्ये उड्डाणातले गुन्हे वेगळे सांगितलेच आहेत. पुरावा तर आता गर्दीच देते: टी-३८ चा पंखविस्तार सव्वापंचवीस फूट, सूर्यकिरणच्या हॉक विमानाचा सुमारे दहा मीटर. व्हिडिओतल्या विमानाची रुंदी स्टँडच्या माहीत असलेल्या मापाशी ताडली, की उंची काढता येते.

खाली येण्याचे आणखी दोन खर्च पानठेल्यावर कोणी मोजत नाही. एक पाखरं. दिल्लीत २६ जानेवारीच्या आधी घारींना मार्गापासून लांब मांस टाकून गुंतवतात, ते उगाच नव्हे. पाऊण किलोच्या घारीचा दणका वेगाच्या वर्गानं वाढतो, ३०० चे ४०० नॉट झाले की जवळपास पावणेदोनपट. गावाकडं मटण बाजाराचा कचरा आणि उघडी डंपिंगची जागा मार्गाखाली असेल तर मार्गच बदलावा. दुसरा खर्च आवाजाचा. अंतर निम्मं झालं की सहा डेसिबल वाढतात. १,००० वरून १२५ फुटांवर आलं तर अठरा. शंकरपटात जुंपलेली जोडी काय करेल ते सांगायला नको.

हेलिकॉप्टरचं गणित वेगळं. नोव्हेंबर २०२१ मध्ये नॅशव्हिलच्या स्टेडियमवर लष्कराची चार हेलिकॉप्टरं फार खाली आली, त्याचीही चौकशी लागली. तिथं वेग कमी, पण पात्याखालचा झोत मंडप आणि सैल बॅनर उचलतो. प्रचाराच्या हेलिपॅडजवळ पऱ्हाटीच्या गंजी उडालेल्या पाहिल्यात त्यांना हे कळेल.

आणि ज्यांना मजाच पाहायची आहे त्यांनी स्टेडियममध्ये जाऊ नये. आत छताच्या कडेमुळं विमान तीन-चार सेकंद दिसतं. मार्गापासून अर्धा किलोमीटर बाजूला, वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं तर १,००० फुटांवरची रांग तीसेक अंशांवरून जाते आणि दोन्हीकडची तीन-तीन किलोमीटर धरली तर चाळीसेक सेकंद दिसते. सूर्य पाठीशी ठेवा, कॅमेऱ्याचं शटर एक हजारांश सेकंदाच्या वर लावा, आणि वीजतारा फोटोत येणार नाहीत असा धुरा निवडा.