बुंध्यावरची अळंबी खरवडून टाकावी का?

बुरशीचा विषय निघाला की हा प्रश्न येतोच. झाडाच्या बुंध्यावर किंवा आडव्या पडलेल्या ओंडक्यावर अळंबी उगवली, तर ती खरवडून टाकायची का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, खरवडून काही साधत नाही. अळंबी हे नुसतं फळ. खरी बुरशी आत लाकडात पसरलेली असते, डोळ्यांना एकेकटे दिसणारही नाहीत इतक्या बारीक तंतूंनी.

बुरशी दिसली म्हणजे झाडाला रोग लागला, हे मात्र सरसकट खरं नाही. लाकडावरच्या बहुतेक बुरश्या मेलेलंच खातात, आणि जिवंत झाडातही मेलेलं लाकूड भरपूर असतं. जुन्या खोडाचा गाभा मृतच असतो. पाणी चढतं ते बाहेरच्या थरांतून. म्हणून तर आतून पोकळ झालेलं झाड वर्षानुवर्षं पालवत राहतं. (ते वादळात टिकेल का, हे जाणकाराकडून तपासून घ्या.) अर्थात सगळ्याच बुरश्या काही गरीब नाहीत. अमेरिकेत ओरेगनच्या मॅलूर जंगलात आर्मिलारियाची एकच बुरशी जमिनीखालून नऊ चौरस किलोमीटरहून जास्त पसरली आहे. ती आधी जिवंत झाडं मारते आणि मग निवांत त्यांचं लाकूड खात बसते.

ओंडक्याची गोष्ट मला जास्त आवडते. लाकूड पचवायला महाकठीण. सेल्युलोजचे धागे आणि त्यांना जखडून ठेवणारं चिवट लिग्निन. बुरशीला ना तोंड ना पोट. ती पाचक रस बाहेर सोडते आणि विरघळलेलं शोषून घेते. कुजका तुकडा हातात घेऊन मोडून पाहा. तपकिरी, चौकोनी ढलपे पडले आणि चिमटीत त्यांचा भुगा झाला, तर त्या बुरशीने सेल्युलोज खाऊन लिग्निन बरंचसं मागे टाकलंय. तुकडा फिकट, ओलसर आणि दोऱ्यादोऱ्यांचा निघाला, तर तिने लिग्निनही फस्त केलंय. कधी आत बारीक काळ्या रेषा दिसतात, शाईने काढल्यासारख्या. शेजारी शेजारी वाढणाऱ्या बुरश्यांनी आखलेल्या त्या हद्दी. एका ओंडक्यात असे कितीतरी सातबारे असतात!

‘बुरशी कुजवते आणि जमिनीला खत मिळतं’ हे शाळेतलं वाक्य चूक नाही, पण फार घाईचं आहे. एक तर लाकडातला बराचसा कार्बन मातीत जातच नाही. कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. दुसरं म्हणजे लाकडात नायट्रोजन अगदीच कमी, तेवढ्यावर बुरशीचं भागत नाही. मग तिचे तंतू खालच्या मातीतून नायट्रोजन ओढून ओंडक्यात आणतात. म्हणजे सुरुवातीला ओंडकाच मातीकडून घेत असतो! पुढे तंतू मरतात, बारीक किडे त्यांच्यावर चरतात, तेव्हा कुठे ते सुटं होऊन झाडांच्या मुळांपर्यंत पोहोचतं. मोठ्या खोडाला यात कित्येक दशकं सहज लागतात.

तेव्हा वाटेत येत नसेल, तर ओंडका पडू द्या तिथेच. आणि ‘ही अळंबी खाता येईल का?’ असा तुमचा पुढचा प्रश्न असेल, तर ओळख शंभर टक्के पक्की नसेल तोवर नाही.