रत्नागिरीला नऊ मिनिटं उशीर, नाशिक मात्र वेळेवर

मंडळी, सिम्युलेटरवर जुहूहून रत्नागिरीला उडताना दर वेळी नऊ मिनिटं खाणारा चोर सापडला. तीन आठवडे मी वाऱ्याला शिव्या घालत होतो आणि चोर माझ्या नाकासमोर, स्पीडच्या डायलवर बसला होता.

नियम जुनेच. जीपीएस बंद, व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) बंद. होकायंत्र, घड्याळ, नकाशा आणि ई-सिक्स-बी, म्हणजे वैमानिकांची हिशोबाची फिरती चकती, एवढंच. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांनी पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. ते उड्डाण सिम्युलेटरवर डेड रेकनिंगनं, म्हणजे फक्त दिशा, वेग आणि वेळ यांच्या हिशोबानं करायचं आहे, आणि त्याआधी कोकण किनाऱ्यावर हात बसवायचा म्हणून ही सगळी खटपट.

जुहू ते रत्नागिरी हा डेड रेकनिंग शिकायला फार गुणी मार्ग आहे. जुहू उत्तर अक्षांश १९ अंश ६ मिनिटांवर, रत्नागिरीची धावपट्टी १७ अंश १ मिनिटावर. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणजे सरळ दक्षिणेला १२५ मैल झाले. थोडं पूर्वेकडे सरकायचं असल्याने ट्रॅक (जायची दिशा) १६७ अंश आणि अंतर १२८. नकाशाच्या कडेलाच मोजपट्टी छापलेली, डिव्हायडर टेकवला की काम झालं. दीड हजार फूट उंची, वेग १०० नॉट (ताशी नॉटिकल मैल), म्हणजे ७७ मिनिटं.

लागत होती ८६.

बरं, शेवटी कुठेतरी गडबड झाली असंही नाही. जंजिरा २९ मिनिटांनी यायला हवा, तो ३३ ला. हर्णै ४७ ऐवजी ५२. जितकं पुढे जाल तितका उशीर वाढत जातो. पहिला संशय अर्थातच वाऱ्यावर. पण दुपारचा वारा वायव्येकडून, म्हणजे दक्षिणेला जाताना तो मला ढकलणार. मग लवकर पोचायला नको का? परतीची फेरी केली, तिथेही उशीर. वारा एका वेळी एकाच बाजूचा असतो. जाताना खाल्लेलं येताना परत देतो. शेवटी वैतागून हवामानच बंद केलं, वारा शून्य. ८६.

मग होकायंत्राच्या मागे लागलो. त्यात एक आख्खा रविवार गेला, आणि तो मूर्खपणा होता. मुंबईत व्हेरिएशन (खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतला फरक) एक अंशसुद्धा नाही. शिवाय हेडिंग (नाकाची दिशा) चुकलं तर माणूस बाजूला जातो, उशिरा नाही पोचत. साठाला एकचा नियम आठवा: एक अंश चुकलात तर ६० मैलांवर एक मैल बाजूला. जंजिरा दर वेळी उजव्या हाताला तीन-साडेतीन मैलांवर, अगदी कागदावर काढला होता तिथेच दिसत होता. दिशा बरोबर आहे हे तो बिचारा ओरडून सांगत होता.

खरी पंचाईत नाशिकची होती. मागच्या नोंदीत मी तिथे अगदी वेळेवर पोचल्याची फुशारकी मारली होती, आठवतंय ना? ठाण्याच्या खाडीवर साडेसात हजार फुटांवर घड्याळ सुरू केलं, नाशिकचा विमानतळ ओझर ७६ मैल, हिशोब ४६ मिनिटांचा, पोचलो ४६ व्या मिनिटाला. तेच विमान, तीच सुई १०० वर. मग किनाऱ्यावरच काय भूत बसलंय?

परवा या विमानाच्या अंधुक डायलबद्दल चिडून तक्रार लिहायला बसलो. पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढला, मोठा केला, आणि बाहेरच्या वर्तुळाखाली अक्षरं दिसली: एमपीएच. जुनी सेसना १७२ आहे ही. बाहेरचे मोठे आकडे ताशी मैलांचे, नॉट आतल्या बारीक वर्तुळात. तक्रार पुसून टाकली. (याच विमानाच्या अल्टिमीटरवर, म्हणजे उंची दाखवणाऱ्या डायलवर, हवेचा दाब इंचांत लावायचा असतो हे मी पहिल्याच दिवशी पकडलं होतं. आपल्याकडे तो दाब (क्यूएनएच) हेक्टोपास्कलमध्ये, म्हणून १०१३ म्हणजे २९.९२ अशी चिठ्ठी मॉनिटरला चिकटवून स्वतःवरच खूश झालो होतो.)

साधा मैल १६०९ मीटरचा, नॉटिकल १८५२ चा. सुईवरचे १०० म्हणजे ८७ नॉट. खाली दीड हजार फुटांवर हवा जवळपास दाटच, त्यामुळे खरा वेग ८९ च्या आसपास. १२८ भागिले ८९, या तुमची ८६ मिनिटं.

आणि नाशिक? वर हवा विरळ. डायलवर दिसणाऱ्या वेगापेक्षा (आयएएस) हवेतला खरा वेग (टीएएस) दर हजार फुटांना साधारण दोन टक्के जास्त. साडेसात हजारांवर पंधरा टक्के. ८७ वर पंधरा टक्के चढवा: १००! मी एकक चुकलो होतो आणि टीएएस काढायलाही विसरलो होतो. दोन चुकांनी एकमेकींना पोटात घेतलं आणि मला शाबासकी मिळाली.

यावरून आठवलं, पुठ्ठ्याचा ई-सिक्स-बी घेऊ नका. पावसाळ्यात ठाण्यात तो पापडासारखा वाकतो आणि चकती अडकते. मी टीएएसची खिडकी टाळत होतो त्याचं अर्धं कारण हेच. आता ॲल्युमिनियमचा मागवलाय. महाग आहे, पण फिरतो लोण्यासारखा. ट्रेसिंग पेपर मात्र स्टेशनजवळच्या स्टेशनरीवाल्याकडचाच, ऑनलाइनचा शाई पसरवतो.

काल रात्री दुरुस्त फेरी केली. दीड हजार फूट, सुई ११२ वर. जंजिरा २९, हर्णै ४७. ७७ व्या मिनिटाला धावपट्टी नाकाखाली. खुर्चीतून उठून एक गिरकी घेतली; बायकोने दार लावून घेतलं.

आता कराचीचा बेत बदलतोय. पस मॉथचा डायलही ताशी मैलांचाच, म्हणून सगळा मार्ग साध्या मैलांत काढायचा असं ठरवलं होतं. पण मग नकाशाच्या कडेची मोजपट्टी हातची जाते. लिहिता लिहिता सुचतंय: रेघेवर मैल हवेतच कशाला? ग्राउंडस्पीड (जमिनीच्या हिशोबातला वेग) एकदा काढून दर दहा मिनिटांची खूण करावी. हे आधी हर्णैपर्यंत करून बघतो.

नाशिकच्या हिशोबाचा लॅमिनेट केलेला कागद फाडायला घेतला होता. त्याआधी नव्या चकतीवर नीट हिशोब केला: साडेसात हजार फूट, खरा वेग १०० नॉट हवा, तर आयएएस ८७ नॉट, म्हणजे बाहेरच्या वर्तुळावर सुई १०० वर. कागद तसाच ठेवलाय. फक्त सुईच्या आकड्यापुढचं 'नॉट' खोडलं.