तुम्ही विचारलंत म्हणून: सर्टिफिकेट असून स्क्रम मास्टर का नाही?

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. कधी ऐरोली स्टेशनच्या पुलावर, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर. ‘मॅडम, तुम्ही तर स्क्रमची परीक्षा पास आहात, मग परत टेस्टिंगमध्ये कशाला गेलात?’ (स्क्रम म्हणजे सॉफ्टवेअरचं काम ‘स्प्रिंट’ नावाच्या छोट्या टप्प्यांत करायची पद्धत. टीमला ती पाळायला मदत करतो तो स्क्रम मास्टर; आधी मी तेच काम करायचे.) पुढचा प्रश्न ठरलेला : ‘मी करू का मग सर्टिफिकेट?’ आजवर मी ‘पगार तोच, डोकेदुखी कमी’ म्हणून सुटका करून घेतली. ते खोटं आहे. पगार कमी झाला.

परीक्षेत काही अवघड नाही. ६० मिनिटांत ८० प्रश्न, पास व्हायला ८५ टक्के. स्क्रम गाइड, म्हणजे या पद्धतीची मूळ नियमपुस्तिका, जेमतेम चौदा पानं. ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून झालं. आणि खरं सांगते, तेव्हा भारावले होते. फेब्रुवारी २००१मध्ये युटातल्या एका स्की रिसॉर्टवर १७ जण जमले आणि त्यांनी अजाईलच्या (स्क्रम ज्यात मोडतं त्या विचाराच्या) जाहीरनाम्यात लिहिलं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांच्यातला संवाद मोठा. बारा वर्षं टेस्ट केसेसच्या एक्सेलमध्ये बुडालेल्या बाईला हे किती गोड लागलं असेल!

पंधरा मिनिटांचा स्टँडअप (रोजची छोटी मीटिंग) पाऊण तास चालतो, पॉइंट्सवरून (प्रत्येक स्टोरीला, म्हणजे कामाच्या तुकड्याला, अंदाजाने दिलेल्या गुणांवरून) टीमची तुलना होते, हे रडगाणं तुम्हालाही पाठ आहे. सोडते. (गाइडमध्ये स्टोरी पॉइंट हा शब्दच नाही, एकदा शोधून बघा.)

त्या शुक्रवारी रेट्रोला, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय जमलं-काय चुकलं ते बोलायच्या मीटिंगला, सगळे नेहमीसारखे गप्प. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या : ‘एसी फार थंड’, ‘मीटिंग कमी करा’. रेट्रोत कुणी बोललं नाही तर स्क्रम मास्टर नापास, अशी माझी समजूत. मी म्हटलं, ‘अरे, बोला की मोकळेपणाने. इथलं इथेच राहील.’ हे वाक्य माझं. कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

तेव्हा ती बोलली. टीममधली सगळ्यात नवी, कळव्याहून यायची. ‘मॅम, मागच्या दोन स्टोऱ्या मी पूर्ण न तपासताच डनला टाकल्या. तपासायचं सॉफ्टवेअर, बिल्ड, शेवटच्या दिवशी संध्याकाळी सातला मिळालं.’ मिनिटभर कुणी हललं नाही. मग डेव्हलपर म्हणाला, बिल्ड उशिरा होतं कारण प्रॉडक्ट ओनर (काय बनवायचं ते ठरवणारे) अर्ध्या स्प्रिंटमध्ये बदल घेऊन येतात. मग आणखी एक जण बोलला. दीड वर्षातली ती एकमेव खरी रेट्रो. मी मुद्दे एक्सेलमध्ये टिपले, नावांसकट; नीटनेटकेपणाची खोड. सोमवारी डिलिव्हरी हेड म्हणाले, ‘रेट्रोचं जरा पाठवा.’ पाठवलं. दोन मिनिटंही विचार केला नाही.

अप्रेझलनंतर ती कॅन्टीनमध्ये समोर येऊन बसली. इडली तशीच, सांबारावर साय धरलेली. ‘मॅम, ते वाक्य माझ्या अप्रेझलमध्ये आहे. तुम्ही तसंच लिहिलेलं ना, “पूर्ण न तपासता”?’ आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

‘मी बोलते सरांशी,’ म्हटलं. बोललेही. सर म्हणाले, ‘अहो, पारदर्शकता तुमच्याच पीपीटीत होती ना?’ होती. तिसरी स्लाइड. स्क्रमच्या तीन खांबांपैकी पहिला.

यात अजाईलचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल. वर्षभर मीही तेच म्हणत होते : पद्धत बरोबर, आमचं ऑफिस चुकलं. मग उलट म्हणायला लागले : ज्याच्या डोक्यावर अप्रेझल लटकतंय त्याला मोकळं बोल म्हणता, मग त्याची भीती कुणी काढायची? पण हेही सोयीचंच. एक्सेलमध्ये नावं कुणी घातली? चौदा पानांत तसं कुठेच लिहिलेलं नाही. उलट आदर आणि धाडस ही मूल्यं तिथे नावानिशी आहेत. परीक्षेत हाच प्रसंग आला असता तर मी बरोबर पर्यायावर टिक केली असती, हे अजून टोचतं.

सर्टिफिकेट करायचं तर करा. गाइड फुकट आहे, आधी ते वाचा. मला विचारू नका, कारण माझं उत्तर सोमवारी एक असतं आणि शुक्रवारी दुसरं.

आमच्या नव्या टीमचा स्क्रम मास्टर तरुण आहे, फार मनापासून विचारतो. गेल्या रेट्रोला माझ्यापुढेही पिवळी चिठ्ठी आली. मी लिहिलं, एसी फार थंड आहे.

खरंच असतो.