मांजर आणि केरसुणी

दुपारी जेवण झालं की कोश चाळत लोळायची मला सवय आहे. त्याने झोप येते. काल मात्र ‘संमार्जनी’ लागली आणि झोप उडाली. संमार्जनी म्हणजे केरसुणी. धातू मृज्, पुसणे, स्वच्छ करणे. मार्जाराचाही तोच, आणि मार्जाराचंच पुढे मांजर झालं. म्हणजे कोपऱ्यात उभी असते ती आणि कोपऱ्यात झोपलेलं असतं ते, दोघं एकाच घराण्यातली!

लहानपणी आमच्याकडे एक भाटी होती. पंजा चाटून ओला करायची, कानामागून फिरवायची, मग दुसरा कान, मग मागचा पाय आढ्याकडे करून पोट. आजी मला तिच्यासमोर उभं करून म्हणायची, “बघ, हिला सांगावं लागतं का कुणी?” मला त्या मांजराचा भयंकर राग यायचा. मार्जार हे नाव ज्याने ठेवलं, त्याच्यामागेही अशीच एखादी आजी असणार.

अमरकोशाने एका ओळीत पाच नावं दिली आहेत: ओतु, बिडाल, मार्जार, वृषदंशक, आखुभुक्. शेवटची दोन, उंदीर चावणारा आणि उंदीर खाणारा, उंदरांना विचारून ठेवलेली दिसतात. ओतु वैयाकरणांचा लाडका. लठ्ठ बोक्याला स्थूलोतु म्हणा की स्थूलौतु, दोन्ही चालतं. (असल्या प्रश्नावर माणसं डोकं लावत होती, हे वाचून मला फार बरं वाटतं.) बिडाल हिंदीत बिल्ली होऊन गेला. मराठीने आंघोळवालं नाव धरलं आणि वर त्याला नपुंसकलिंगी करून टाकलं. बोक्यांनी हे कसं खपवून घेतलं कोण जाणे.

मोठ्या भाऊबंदांपैकी चित्ता अंगावरच्या ठिपक्यांवरून, चित्रकापासून. जवादी मांजर, जे खरं तर मांजरच नाही, त्याचं नाव अरबी. जबाद म्हणजे त्याच्या ग्रंथीतला सुगंधी स्राव. सिंहाची गंमत निराळी. जुने वैयाकरण सांगतात, हिंस् धातूची अक्षरं उलटी केली की सिंह. इतक्या बेताने त्याला बांधून घातला, तरी पंचतंत्रातला श्लोक म्हणतो की व्याकरणकर्त्या पाणिनीचे प्राण सिंहानेच घेतले. मीमांसादर्शनवाल्या जैमिनीला हत्तीने तुडवलं, छंदःशास्त्रवाल्या पिंगलाला मगरीने मारलं.

मांजराने मारलेला एकही पंडित त्या श्लोकात नाही. निदान तेवढं तरी.