टॉवेलवाल्याची गोल्फवही: महानगरातला कोर्स फोनवर निवडायचा

वही उघडली तर मागची नोंद गेल्या उन्हाळ्यातली निघाली. मधे कारखान्यात ऑर्डरची घाई होती, मग बहिणीकडचं लग्न, मग मनगट धरलं. आता बसलोच आहे तर राहिलेलं सगळं एकदम लिहून टाकतो.

नवीन मंडळींसाठी थोडं मागचं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. २०२१ मध्ये एका गिऱ्हाइकाने गोल्फ टॉवेल मागितला. तीन घड्यांचा, वरच्या कडेला पितळी आयलेट आणि त्यात बॅगेला अडकवायची कडी. वडिलांच्या काळापासून टॉवेल विणतोय, पण टॉवेलला भोक पाडून मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. हा टॉवेल नेमका कुठे लटकतो ते बघायला म्हणून मी एका ड्रायव्हिंग रेंजवर गेलो. कुणीतरी हातात सेव्हन आयर्न नावाची गोल्फची काठी दिली. आठ चेंडू जमिनीला खेटून गेले, नववा उडाला. तिथेच कामातून गेलो.

सराव बोरामणीकडच्या शेतात. मार्चमध्ये ज्वारी निघाली की धसकटात मारतो. आधी चेंडू, मग जमीन, हे मला कोचपेक्षा धसकटांनी जास्त शिकवलं, कारण मागे लागलं की काठी अडकते आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या येतात. एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, चेंडू त्यात गेला की गेला. पावसाळ्यात तर शेतात पायच घालायचा नाही.

आणि अठरा होलचा खरा कोर्स? पुणे २५० किलोमीटर, हैदराबाद ३००, मुंबई चारशेच्या घरात. म्हणजे माझं खेळणं धंद्याच्या फेरीला बांधलेलं. वर्षाला सहा-सात राउंड, तेही परगावी, हातात एकच सकाळ. ती वाया गेली की पुढची दोन महिन्यांनी. म्हणून कोर्स निवडायला मी आता इतका वेळ घालतो की घरचे म्हणतात, मुलीचं स्थळसुद्धा एवढं पारखलं नव्हतं.

२०२२, नाव न लिहिलेला कोर्स

ही नोंद वहीत दोनच ओळींची आहे, पण सगळं शहाणपण इथून सुरू होतं. एका मोठ्या शहरात पहाटे उठून, टॅक्सीला भरपूर पैसे मोजून, बॅग खांद्यावर टाकून फाटकाशी पोचलो. फोटो बघून निवडलेला कोर्स: तळं, फवारे, हिरवागार गालिचा. वॉचमन म्हणाला, "आज कंपनी की टूर्नामेंट है, बाहरवाला कोई नहीं." बाहेर कठड्यावर बसून कडक भाकरी आणि शेंगादाण्याची चटणी खाल्ली आणि परत आलो. (कडक भाकरी ही गोल्फसाठीच जन्मली असावी. बॅगेत चार दिवस राहते, हाताला तेल लागत नाही, ग्रिप घसरत नाही.)

तेव्हापासून कोर्स मी फोनवर निवडतो. पहिली परीक्षा हीच की फोन कुणी उचलतं का. उचलला तर विचारायचं: मेंबर नसलेल्याला घेता का, आणि कुठल्या वारी? पुष्कळ ठिकाणी पाहुण्याला मंगळवार ते शुक्रवारच वाव असतो, आणि सोमवारी देखभालीसाठी कोर्स बंद ठेवायची पद्धत बऱ्याच क्लबांत आहे. त्या दिवशी स्पर्धा आहे का? हँडिकॅप (आपल्या खेळाची पातळी सांगणारा आकडा) त्याचं सर्टिफिकेट लागतं का? एकटा माणूस आला तर दुसऱ्यांच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे चौघांच्या गटात, घालता का? कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) सक्तीचा आहे का, त्याचे पैसे ग्रीन फीमध्ये, म्हणजे खेळायच्या शुल्कात, धरलेत की वेगळे? आणि ग्रीन्सना, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताला, नुकती भोकं पाडलीत का? हा शेवटचा प्रश्न मी दुसऱ्या वर्षी शिकलो. मुळांना हवा मिळावी म्हणून ग्रीनमध्ये नळीने भोकं पाडून वर वाळू पसरतात. गवताला ते चांगलंच, पण पुढचे काही दिवस पटिंग, म्हणजे चेंडू होलकडे हळूच ढकलणं, पापडावरून गोटी ढकलल्यासारखं होतं. पैसे मात्र पूर्ण घेतात.

कपड्यांचं विचारायची गरज नाही. कॉलरचा शर्ट घाला, जीन्स नको, बूट मऊ स्पाइकचे. एवढ्यावर कुठेही अडत नाही.

ऑगस्ट २०२३, खारघर

भाचा खारघरला राहतो. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरली, पहाटे ठाण्याला उतरलो आणि पनवेल लोकलने खारघर. स्टेशनवर भाचा म्हणाला, "मामा, हे काय आणलंय, तबला?" गाडीतल्या शेजाऱ्यालाही बॅग म्हणजे यंत्रमागाचा पार्ट वाटली होती. त्याला मी तसंच वाटू दिलं.

खारघर व्हॅलीचा कोर्स सिडकोचा. मेंबरशिप नसलेल्या माणसाला पैसे भरून खेळता येतं, आणि मुंबईच्या अंगाने बघता ही फार मोठी गोष्ट आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७ चा, ताडदेवचा विलिंग्डन १९१८ चा. दोन्ही क्लब, मेंबरची ओळख असल्याशिवाय आपल्यासारख्याने तिकडे फिरकायचं नाही. खारघरला मी खेळलो तेव्हा ११ होल होते. लोक ११ ऐकून नाक मुरडतात. मला उलट ते सोयीचं पडलं, सकाळी खेळून दुपारच्या मीटिंगला वाशीत हजर.

पावसाळ्यात मात्र जपून. समोर डोंगर, पांडवकड्याचं पाणी कोसळतंय, ढग खाली उतरलेले, बघतच राहावं. पण रफमधलं, म्हणजे कडेला वाढू दिलेलं, गवत घोट्याच्या वर. चेंडू कुठे पडला ते दिसत असूनही सापडत नाही. २०१९ च्या नियमांपासून शोधायला तीनच मिनिटं, पूर्वी पाच होती. माझे नऊ चेंडू गेले. ११ होलला ८१ स्ट्रोक, म्हणजे फटके. कॅडी तरुण पोरगा होता, सातव्या होलनंतर म्हणाला, "काका, ड्रायव्हर बॅगेतच ठेवा ना." ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी. ठेवला, आणि पुढच्या चार होलांत एकच चेंडू हरवला.

फेब्रुवारी २०२४, दिल्ली

कापडधंद्याच्या भारत टेक्स प्रदर्शनासाठी गेलो होतो. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते, बॅग बर्थखाली मावते. दिल्लीत लोक आधी दिल्ली गोल्फ क्लबचं नाव घेतात, पण तिथे मेंबर व्हायचं तर वेटिंग लिस्ट पुढच्या पिढीला वारसा म्हणून द्यावी अशी. मी गेलो लाडो सरायच्या कुतुब गोल्फ कोर्सला. दिल्ली विकास प्राधिकरणाचा, २००० साली सुरू झालेला, देशातला पहिला सार्वजनिक कोर्स म्हणून ओळखला जातो. १८ होल, पार ७०, म्हणजे चांगल्या खेळाडूला अपेक्षित एकूण फटके. मेट्रोच्या यलो लाइनवर साकेतला उतरायचं, पुढे रिक्षा.

फोन दुसऱ्या रिंगला उचलला होता, तिथेच अर्धं मन बसलं. मला तिघांच्या गटात घातलं: दोन निवृत्त सरकारी साहेब आणि एक दंतवैद्य. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तिसऱ्या होलपर्यंत सगळे एकमेकांचे चेंडू शोधत होते. साहेबांपैकी एकाने माझा टॉवेल हातात घेऊन चोळून बघितला आणि कुठला म्हणून विचारलं. सोलापूर म्हटल्यावर म्हणाले, "अच्छा, चादरवाला!" टॉवेल त्यांनाच देऊन आलो.

स्कोअर ११८. एका पार-४ वर बारा. घरी येऊन वहीत लाल पेनाने लिहिला.

इथे एक हिशेब मांडतो, कारण कोर्स निवडताना तो कामाला येतो आणि नवशिके त्याला घाबरतात. प्रत्येक रेटिंग झालेल्या कोर्सला स्लोप नावाचा आकडा असतो, ५५ ते १५५ मधला. ११३ हा सर्वसाधारण. तो जितका मोठा, तितका तो कोर्स पट्टीच्या खेळाडूपेक्षा आपल्यासारख्याला जास्त छळणार. आपला हँडिकॅप इंडेक्स गुणिले स्लोप, भागिले ११३, आणि त्यात कोर्स रेटिंग (पट्टीच्या खेळाडूला तिथे लागणारे अंदाजे फटके) व पारमधला फरक मिळवायचा. तो फरक बाजूला ठेवून बघा: इंडेक्स २६ धरला तर ११० स्लोपवर २५ स्ट्रोक मिळतात, १३५ वर ३१. म्हणजे त्याच माणसाला सहा स्ट्रोक जास्त, कारण तिथे तेवढी पडझड होणारच असं गृहीत धरलंय. स्लोप टीनुसारही, म्हणजे पहिला फटका कुठून मारता त्यानुसार, बदलतो. म्हणून स्कोअरकार्डाचा फोटो आधी मागवायचा आणि सरळ पुढची टी घ्यायची. पाठीमागच्या टीवरून खेळून कुणी मोठा होत नाही, फक्त मागचा गट खोळंबतो.

हँडिकॅपच्या हिशेबात एका होलला नेट डबल बोगीपुढचे (पार, अधिक दोन, अधिक त्या होलवर आपल्याला मिळणारे स्ट्रोक, याच्या पुढचे) स्ट्रोक धरत नाहीत, त्यामुळे माझे ते बारासुद्धा तिथे बारा राहत नाहीत. लाल पेनाला हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. आणि माझा इंडेक्स वहीतलाच. अधिकृत हवा तर मान्यताप्राप्त क्लबचं मेंबर व्हावं लागतं, तो विषय घरात अजून काढलेला नाही.

पुणे आणि हैदराबाद

पुणे सगळ्यात जवळ, हुतात्मा एक्स्प्रेसने सकाळी निघून रात्री घरी. पण खेळायच्या बाबतीत पुणं मला सगळ्यात लांब पडतं. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स मी एकदाच, एका मेंबर मित्राच्या ओळखीने खेळलो. सुरेख आहे, जुनी झाडं, पण दर वेळी मित्राला फोन करायचा म्हणजे त्याचं जेवण आपल्याकडे लागतं. बावधनच्या वरचा ऑक्सफर्ड डोंगरउतारावरचा, चढउतार जबर, गुडघे चांगले असतील त्यांनी जावं.

हैदराबादला गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात कोर्स आहे, तटबंदी आणि तो प्रचंड गोरखचिंचेचा वृक्ष तिथलाच. एका व्यापाऱ्याबरोबर पाहुणा म्हणून नऊ होल खेळलो. चेंडू दगडावर आपटून फेअरवेत, म्हणजे मधल्या कापलेल्या पट्ट्यात, आला, याला मी कौशल्य म्हणून नोंदवलंय.

नाशिककरांनी एकदा मला "आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान आहे की" असं सांगितलं होतं. काठ्या गाडीत टाकून गेलो नाही हे बरं. तिथे रणजीचं क्रिकेट होतं आणि लोक सकाळी चालायला येतात.

'पब्लिक', म्हणजे कुणालाही खुला, कोर्स शोधायला निघालं की आपल्याकडे ही गत. गोल्फचं पंढरपूर म्हणजे स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज. तिथला ओल्ड कोर्स सार्वजनिक आहे, चिठ्ठी टाकून टी-टाइम (खेळ सुरू करायची वेळ) मिळतो, आणि रविवारी खेळ बंद ठेवून गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. आपल्याकडे साध्या क्लबच्या फाटकावरही वॉचमन आधी चपला बघतो.

डिसेंबर २०२४, पुन्हा खारघर. फेब्रुवारी २०२५, पुन्हा दिल्ली

भाच्याने नवे दोन कोर्स सुचवले होते, मी नाही म्हटलं. वर्षाला सहा राउंड खेळणाऱ्याने दर वेळी नवा कोर्स घेतला तर आपण सुधारलो की कोर्स सोपा होता, हेच कळत नाही. टॉवेलचं वजन करायचं तर काटा एकच लागतो.

खारघर या वेळी बेलापूरला उतरून मेट्रोने, सेंट्रल पार्क स्टेशनपर्यंत. ही लाइन नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, बॅगेसकट उभं राहायला जागा मिळते. गवत वाळलेलं, चेंडू लांबून दिसत होते. ११ होलला ६४, हरवले तीन. तेच होल, त्याच टी, सतरा स्ट्रोक कमी. त्यातले पाच-सहा तरी हवामानाचे धरा, मी प्रामाणिक माणूस आहे.

दिल्लीत १०३. गेल्या वर्षीचा तो बाराचा होल आला तेव्हा ड्रायव्हर काढलाच नाही. फाइव्ह आयर्न, पुन्हा फाइव्ह आयर्न, वेज (जवळच्या फटक्याची काठी), मग ग्रीनवर तीनदा पटिंग. सहा. तीनदा पटिंगचं वाईट वाटलं, पण कार्डावर सहा लिहिताना हात थरथरला.

पुढची फेरी हैदराबादकडे ठरत होती, व्यापारी म्हणतोय जानेवारीत या. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा असते, सोलापूर सोडायचा प्रश्नच नाही. फेब्रुवारी सांगितलाय. त्याच्याकडून सोमवार बंद आहे का ते अजून कळलेलं नाही, उद्या सकाळी फोन करतो.